बोटभर पातं, हातभर काळजी: छोटी पाती घडवताना हात कसे सांभाळायचे

माझ्या डाव्या तर्जनीवर, अंगठ्याकडच्या बाजूला, एक पांढरी रेघ आहे. जेमतेम आठ मिलिमीटरची. सहा सेंटिमीटरचा एक खंजीर घासत होतो. पातं डाव्या हाताच्या चिमटीत आणि बारीक कानस उजव्या हातात. कानस घसरली, पातं चिमटीत फिरलं आणि बोटात गेलं. रक्त फारसं आलं नाही. मी चिकटपट्टी लावली आणि काम पुरं केलं. दहा दिवसांत जखम भरली, पण रेघेपासून बोटाच्या टोकापर्यंतची ती बाजू बधिरच राहिली. आतला चेतातंतू कापला गेला होता. आजही शर्टाचं बटण त्या बाजूने चाचपलं की मध्ये जाड कापड असल्यासारखं वाटतं.

एवढं नुकसान एका चिमटीने केलं. छोट्या पात्यांच्या कामातल्या जखमांचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. मोठी सुरी किंवा कोयता घडवणारा माणूस वस्तू शेगड्यात, म्हणजे वस्तू आवळून धरायच्या व्हाइसमध्ये, आवळतो किंवा सांडशीत धरतो, कारण हाताने धरणं शक्यच नसतं. पाच सेंटिमीटरचं पातं मात्र चिमटीत सहज मावतं, त्यामुळे पक्कड आणि शेगडा या दोघांचं काम बोटांवर येऊन पडतं. बोट म्हणजे हत्यार धरायचा शेगडा नव्हे, हे मनात पक्कं बसलं की पुढचं बरंच आपोआप सुधारतं. म्हणून हा लेख पातं तयार होण्याच्या क्रमानेच लिहिला आहे.

सुरुवात: पट्टी लांब ठेवा

पाच सेंटिमीटरचं पातं करायचं तर पाच सेंटिमीटरचा तुकडा कापू नका. पंधरा-वीस सेंटिमीटरची पट्टी घ्या आणि तिच्या एका टोकाला पातं घडवा. उरलेली पट्टी हीच तुमची मूठ. आकार देणं, घासणं, भोक पाडणं, पाणी पाजणं (लाल तापवून तेलात बुडवून कडक करणं), आब उतरवणं (नंतर हलकं तापवून ठिसूळपणा कमी करणं) हे सगळं या लांब पट्टीवर होतं. मुठीत जाणारी शेपूट मोजून पट्टी अगदी शेवटी तोडायची. दहा-पंधरा सेंटिमीटर पट्टी वाया जाते खरी, पण मला या कामातला सगळ्यात स्वस्त सुरक्षा उपाय हाच वाटतो.

तुकडा आधीच छोटा असेल, उदाहरणार्थ खिळा ठोकून चपटा केलेला, तर त्याला मूठ लावा. पिन वाइस, म्हणजे बारीक वस्तू धरायची हातातली चक, त्यासाठीच असते. ती नसेल तर सोनारांची रीत वापरा: लाकडी दांडीच्या टोकावर लाख गरम करून पसरायची, तुकडा तिच्यात अर्धा बुडवायचा आणि लाख थंड होऊ द्यायची. काम झालं की परत थोडी ऊब दिली की तुकडा सुटतो. मात्र घासताना तुकडा तापला तर लाखही मऊ पडते, म्हणून अधूनमधून थांबा. काहीजण सुपरग्लूने चिकटवतात, तेही चालतं. त्या वेळी सुती हातमोजा किंवा कापूस जवळ नको. सुपरग्लू कापसात मुरला की जोरात तापतो आणि त्वचा भाजते. बोटं एकमेकांना चिकटलीच तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा.

कच्चा माल निवडतानाही दोन गोष्टी सांभाळा. हॅकसॉचं जुनं पातं हाताने वाकवून मोडू नका, ते काचेसारखं तुटतं आणि तुकडे तोंडाकडे उडतात. शेगड्यात धरा, वर जाड कापड टाका, डोळ्यांवर चष्मा चढवा आणि मगच मोडा. दुसरी गोष्ट खिळ्यांची. चमकदार राखाडी खिळ्यांवर बऱ्याचदा जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि घडवण्याएवढी आच दिली की त्याचा पांढरा धूर होतो. तो धूर ओढला गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडात धातूची चव येते, अंग मोडून येतं. असे खिळे भट्टीत घालूच नका. घालायचेच असतील तर आधी व्हिनेगरमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत ठेवून थर उतरवा.

कानस आणि शेगडा

कानस विकत आणलीत की आधी तिला मूठ बसवा. उघड्या कानशीची मागची अणकुचीदार शेपूट तळहातावर टेकलेली असते. कानस अडली, हात पुढे गेला, की ती तळव्यात घुसते. बारीक कानशींनाही लाकडाचा एखादा गोल तुकडा भोक पाडून बसवा. पकड सुधारते आणि हात लवकर थकत नाही.

पातं शेगड्यात धरताना त्याला लाकडाचा आधार द्या. पट्टीच्या रुंदीएवढी लाकडी फळी शेगड्यात आवळा, पातं तिच्यावर सपाट ठेवा आणि शेपटीकडून एका छोट्या क्लॅम्पने दाबा. आता पात्याच्या आसपास बोट नेण्याची गरजच उरत नाही. पात्याचं टोक फळीच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. बाहेर आलेलं टोक दिसत नाही आणि मनगट त्यावरूनच फिरतं. टोकदार पातं शेगड्यात उभं धरलं असेल आणि तुम्ही दुसऱ्या कामाला वळणार असाल तर त्यावर बाटलीचं बूच खोचा.

कानस कुठल्या दिशेने चालवायची, यावर माझं मत ठाम आहे. धारेच्या समोरून धारेकडे जोर लावायचा नाही. पाठीकडून धारेकडे, आणि धार ओलांडून बाहेर, असा हात न्यायचा. घसरलाच तर तो मोकळ्या हवेत जातो. उलट दिशेने घासलं तर बर, म्हणजे धारेवर उरणारी धातूची बारीक किनार, कमी निघते असं सांगणारे आहेत, आणि ते खरंही आहे. पण बर दगडावर दोन हात मारून निघते. बोटातली शीर तशी जुळत नाही.

पॉलिश पेपरचंही तसंच. पेपर बोटाला गुंडाळून पात्यावर फिरवायची सवय जवळजवळ सगळ्यांना असते आणि अंगठ्याच्या पेरावर उभे काप पडतात ते त्यामुळेच. पेपर आइस्क्रीमच्या काडीएवढ्या चपट्या लाकडाला चिकटवा. पृष्ठभागही सपाट येतो, कारण बोट मऊ असतं आणि पात्याच्या कडा गोल करून टाकतं.

आता हातमोज्यांबद्दल. हाताने घासताना डाव्या हातात कापरोधक मोजा घालायला हरकत नाही, पण हा मोजा ओढून जाणारी धार अडवतो, टोक नाही. छोट्या पात्याला टोकच जास्त असतं. मला स्वतःला अंगठा आणि तर्जनीवर जाड चामड्याच्या टोप्या जास्त उपयोगी पडल्या. शिवणकामातलं अंगुस्तानही तात्पुरतं चालतं.

लोखंडाचा कीस फुंकू नका आणि तळहाताने झाडू नका. फुंकलेला डोळ्यात जातो, झाडलेला तळव्यात. लोहचुंबक पिशवीत गुंडाळून फिरवा आणि पिशवी उलटी करा.

फिरणारी यंत्रं

इथे नियम उलटा होतो: ग्राइंडर, ड्रिल, बफ (चकाकी आणायचं कापडी चाक), रोटरी टूल यांपैकी काहीही चालू असताना हातमोजा नको. मोज्याचा एक धागा अडकला की चाक सगळा हात ओढून घेतं. अंगठी, घड्याळ, मनगटातला दोरा, मोकळी बाही, सुटे केस यांचंही तसंच. अंगठी अडकली तर बोटावरची कातडी हातमोजा उलटा काढावा तशी सोलून निघू शकते. हे वाक्य वाचून अंगठी काढाल, एवढ्यासाठीच लिहिलं.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. १५० मिलिमीटर व्यासाचं ग्राइंडरचं चाक मिनिटाला २८५० फेरे घेत असेल तर त्याची कड ताशी सुमारे ८० किलोमीटरने धावते. रोटरी टूलची २४ मिलिमीटरची कापायची चकती ३०,००० फेऱ्यांना ताशी सुमारे १३५ किलोमीटर गाठते. हातात पेनासारखं मावतं म्हणून ते यंत्र निरुपद्रवी वाटतं. त्या चकत्या पातळ आणि ठिसूळ असतात, कापताना मनगट जरासं वळलं तरी फुटतात. चकतीच्या रेषेत तोंड ठेवू नका, आणि चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नाही ना, हे लावण्याआधी वाचा. चष्मा बाजू झाकणारा हवा. नंबरचा नेहमीचा चष्मा पुरेसा नाही.

ग्राइंडरवरचा टेकू चाकापासून ३ मिलिमीटरपेक्षा लांब नसावा. चाक झिजत जातं, फट वाढत जाते, आणि आपलं पातं तर दोन मिलिमीटर जाडीचं असतं. ते त्या फटीत ओढलं गेलं की मागून बोट जातं. दर वेळी यंत्र बंद करून, चाक पूर्ण थांबल्यावर, फट तपासा. नवं चाक बसवण्याआधी दोरीला टांगून लाकडाच्या दांड्याने हलकं वाजवा. स्वच्छ खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, ते चाक टाकून द्या.

ड्रिलवर पितळी मुठीला भोक पाडताना विशेष सांभाळा. बिट पितळेत चावतं, भोक आरपार होता होता तुकडा उचलतं आणि पंख्यासारखं फिरवतं. हाताने धरलेला तुकडा त्या क्षणी पातं होतो. क्लॅम्प लावा, किंवा तुकडा लाकडी फळीत कोरलेल्या खाचेत बसवा. बिटच्या कापणाऱ्या कडेवर बारीक दगड एकदा सपाट फिरवून तिचा तीक्ष्णपणा मारला तर पितळेत चावणं बरंच कमी होतं.

बफिंगबद्दल एकच सांगतो: छोटं पातं बफवर धरू नका. कापडी चाक धारेला पकडतं आणि पातं तुमच्या पोटाकडे किंवा पायाकडे फेकतं. पाच सेंटिमीटरला हाताने चकाकी आणायला अर्धा तास लागतो, तेवढा द्या.

आच

लोखंड अंधारात साधारण ५०० अंशांच्या आसपास मंद लाल दिसू लागतं. उजेडात त्याहून जास्त तापल्याशिवाय लाली कळत नाही. उलट ७० अंशांच्या धातूला बोट सेकंदभर टेकलं तरी खोल भाजतं. या दोहोंमध्ये चारशेहून अधिक अंशांचा पट्टा असा आहे, जिथे पातं थंड पात्यासारखंच दिसतं. भट्टीतल्या बहुतेक भाजण्या या काळ्या आचेच्या असतात. छोट्या पात्यात आणखी एक फसवणूक आहे: टोक लवकर निवतं, पण जाड शेपूट गरमच असते आणि आपण उचलतो शेपटीकडून.

यावर उपाय साधा आहे. एक वीट ठरवून ठेवा. भट्टीतून, ज्योतीखालून किंवा तेलातून निघालेली प्रत्येक वस्तू त्या विटेवरच जाईल आणि विटेवरची प्रत्येक वस्तू गरमच समजली जाईल, ती काल ठेवलेली असली तरी. तपासायचं तर हाताची मागची बाजू दोन बोटं अंतरावर धरून ऊब पाहा. उचलायचं ते चिमट्यानेच.

पाणी पाजताना छोट्या पात्याची घाई फार होते, कारण ज्योतीबाहेर काढल्यावर दोन-तीन सेकंदांत त्याची लाली जाते. म्हणून तेलाचा डबा ज्योतीपासून हातभराच्या आत, पण ज्योत त्यावर येणार नाही असा ठेवा. डबा लोखंडी, रुंद बुडाचा आणि झाकणाचा हवा. प्लास्टिक नको. वापरलेलं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर घातक असतो. स्वयंपाकाचं तेल ५० अंशांपर्यंत कोमट करून घेतलं की पुरतं. साध्या कार्बन पोलादाला चुंबक चिकटेनासा झाला, म्हणजे सुमारे ७७० अंश झाले, की थोडी जास्त आच देऊन पातं सरळ आणि पूर्ण बुडवा. अर्धवट बुडालं तर तेलाच्या पृष्ठभागावर ज्वाळा उठते. उठलीच तर झाकण ठेवा, पाणी ओतू नका. चिमटा धरलेल्या हातात चामड्याचा मोजा चालेल. नायलॉन किंवा रबराचा वितळून त्वचेला चिकटतो.

तेलातून निघालेलं, आब न उतरवलेलं पातं काचेसारखं असतं. ‘वाकलंय जरासं’ म्हणून बोटांनी सरळ करायला गेलात तर ते तुटून बोटात घुसेल. आधी पुसा, थोडं घासून चकचकीत करा आणि २०० ते २३० अंशांपर्यंत तापवून गवती पिवळा रंग येऊ द्या. सरळ करायचं काही असेल तर ते पाणी पाजण्याआधीच.

धार सगळ्यात शेवटी

मूठ बसवून, पॉलिश करून, म्यान होईपर्यंत पातं बोथट ठेवा. घासताना धारेच्या जागी अर्ध्या मिलिमीटरची सपाट कड राहू द्या. शोभेच्या पात्याला तर धारेची गरजच नसते. धार लावलीच तर त्या क्षणापासून त्यावर कागदी टेपची दुहेरी घडी घाला.

पातं टेबलावरून पडलं तर पकडू नका. हे वाचायला सोपं आणि करायला कठीण आहे, कारण हात आपसूक पुढे जातो. मी बोथट खिळे मुद्दाम टेबलावरून ढकलून दोन्ही हात वर करायचा सराव केला. बसून काम करत असाल तर मांड्या मिटून झेलायची सवयही मोडा, आणि जाड चामड्याचा अंगरखा घाला.

कापलं तर

आधी यंत्र बंद. मग स्वच्छ कापडाने जखमेवर सलग दहा मिनिटं दाब द्या आणि हात हृदयाच्या वर धरा. मध्येच ‘थांबलं का’ म्हणून उघडून पाहू नका, तयार होत आलेली गुठळी निघते. बोटाला दोरा किंवा रबर आवळून बांधू नका. काही रुतलेलं असेल तर तसंच राहू द्या आणि आजूबाजूने दाबा. रक्त थांबल्यावर वाहत्या पाण्याखाली जखम धुवा.

पुढचा भाग मला माझ्या वेळी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. बोटांमध्ये स्नायू नसतात. हालचाल सगळी कण्डरांनी होते, आणि कण्डरा म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागातून येणाऱ्या दोऱ्या. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला अशा दोन दोऱ्या असतात आणि दोन्ही कडांना चेतातंतू व रक्तवाहिनी. हे सगळं कातडीखाली काही मिलिमीटरवर असतं. त्यामुळे जखम किती लांब आहे किंवा रक्त किती आलं, यावरून काही ठरत नाही. बोट कसं चालतं आणि त्याला काय जाणवतं, यावरून ठरतं.

म्हणून प्रत्येक कापानंतर, कितीही छोटा असला तरी, हे पाहा. मधलं पेर दुसऱ्या हाताने सरळ धरून फक्त टोकाचं पेर वाकवा. मग बाकीची बोटं सरळ दाबून ठेवून जखमी बोट मधल्या सांध्यातून वाकवा. मग पूर्ण सरळ करा. यातलं काही झालं नाही, किंवा झालं पण जोर लावताना आत खोल दुखलं, तर कण्डरा कापलेली किंवा अर्धी तुटलेली असू शकते. नंतर डोळे मिटा आणि दुसऱ्या कुणाला जखमेच्या पुढच्या भागाला दोन्ही कडांवर कागदाचं टोक हलकेच लावायला सांगा. दोन्ही बाजूंना सारखंच जाणवतं का? शेवटी नख दाबून सोडा, गुलाबी रंग दोनेक सेकंदांत परत यायला हवा.

एकाही ठिकाणी शंका आली तर त्याच दिवशी हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी जा. जखम उघडून पाहिली, आत सगळं ठीक दिसतं, एवढ्यावर थांबू नका. पातं लागलं तेव्हा बोट मिटलेलं असेल तर सरळ केल्यावर कण्डराची कापलेली जागा कातडीच्या जखमेपासून सरकलेली असते. तुटलेलं टोक दिवसागणिक आत ओढलं जातं आणि जोडणं अवघड होत जातं. वेळेवर जोडली तरी पूर्ण जोर लावायला साधारण बारा आठवडे थांबावं लागतं.

धनुर्वाताच्या लशीची शेवटची तारीख कप्प्याच्या दारावर लिहून ठेवा. स्वच्छ छोट्या जखमेला दहा वर्षांपूर्वीपर्यंतची चालते. मळलेल्या किंवा खोल टोचलेल्या जखमेला पाच वर्षांहून जुनी असेल तर पुन्हा घ्यावी लागते. कार्यशाळेतली बहुतेक टोचणी याच दुसऱ्या प्रकारात मोडते.

भाजलं तर अंगठ्या काढा आणि वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरा. वीस मिनिटं खूप वाटतात, म्हणून घड्याळ लावा. लगेच जमलं नाही तर तीन तासांच्या आतही उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, तेल काही लावू नका.

बोटाचा तुकडाच निघाला तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा बर्फाला किंवा पाण्याला थेट लागता कामा नये.

प्रथमोपचाराची पेटी एका हाताने, तीही डाव्या हाताने, उघडता येते का ते आज करून पाहा. माझी पहिली पेटी येत नव्हती.

आणि निघण्याआधी पात्याकडे एक नजर टाका. टोक जागेवर आहे का? एखादा मिलिमीटर तुटलेला दिसला तर तो जखमेत असू शकतो. पातं टेपमध्ये गुंडाळून सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढायला सांगा. पोलादाचा तुकडा त्यात स्पष्ट दिसतो.